शकूचे डॉल्फिन

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. चिखलोलीच्या या नव्या इमारतीत मुलाकडे राहायला येऊन मला बराच काळ झाला, पण एवढ्या उंचावरून खाली बघायची सवय काही झालेली नाही, म्हणून मी आपली कुंड्यांकडेच बघते. "मावशी," अश्विनी म्हणाली, "आई गेल्या... सकाळी चहा मागितला, मी करून आणेपर्यंत..." अश्विनी म्हणजे शकूची सून, आणि शकू म्हणजे माझी जन्माची मैत्रीण. मी "येते" एवढंच म्हटलं. मग हातातली झारी घेऊन तशीच उभी राहिले. खरं सांगते, पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच. शकू गेली हे त्याच्या मागून आलं. स्वतःची शरम वाटली, पण क्रम तोच होता, तो बदलून कसा सांगू? झारी ठेवली, चप्पल घातली आणि रिक्षा बघायला खाली उतरले.

आम्ही दोघी बुवापाड्यात नव्या सुना म्हणून आलो त्या एकाच उन्हाळ्यात. दोन घरांच्या मध्ये एक भिंत, तीही इतकी पातळ की तिने फोडणी टाकली की ठसका मला लागायचा. पुढे औषधाच्या कारखान्यात पॅकिंगलाही दोघी एकाच खात्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मी नाकासमोर चालणारी बाई. घडलं तेवढंच सांगणार, तेही कुणी विचारलं तर. शकूचं उलटं. ती बाजारातून कोथिंबिरीची जुडी घेऊन आली तरी त्याची गोष्ट व्हायची. उल्हासनगरला साडी घ्यायला आम्ही दोघी जायचो, तिथला दुकानदार काय बोलला ते मीही ऐकलेलं असायचं. पण घरी आल्यावर शकूच्या तोंडून ऐकताना वाटायचं, अरे, एवढं सगळं झालं तेव्हा मी होते कुठे? तिखटमीठ लावायची, पण कुणाचं वाईट व्हावं म्हणून कधी नाही. मी तिला म्हणायचे, "शके, किती फेकतेस!" ती म्हणायची, "फेकत नाही गं, वाढते. तू नुसता भात वाढतेस, मी वरून तूप सोडते."

ज्या वर्षी आम्ही कारखाना सोडला त्याच वर्षी विहारातल्या महिला मंडळाची सहल निघाली. आधी आंबडव्याला जायचं, ज्यांनी आपल्याला धम्म दिला त्यांच्या मूळ गावी, जिथे आपल्या माणसांना आयुष्यात एकदा तरी माथा टेकवून यायचं असतं, आणि तिथून पुढे दापोलीच्या बाजूला समुद्रावर एक मुक्काम. नवरे, मुलं, नातवंडं कुणी नाही, नुसत्या बायका. आमच्यातल्या कितीतरी जणींची ही पहिलीच अशी सहल होती. घाट लागला तशा एकेक जणी खिडक्या उघडून माना बाहेर काढायला लागल्या. मी मात्र ताठ. मी आवळासुपारी वाटत फिरत होते आणि सगळ्यांना उपदेश करत होते, "लांब बघा, पोट रिकामं ठेवू नका, मनात आणलं नाही तर काही होत नाही. मला बघा, ना गाडी लागत ना काही." शकू माझा पदर ओढून म्हणाली, "सुमे, गप बस खाली. नाट लागेल." मी हसले आणि पुढच्या सीटवर आवळासुपारी द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी उभ्या होत्या. फलकावर चंद्रकोरीसारखे उड्या मारणारे निळे डॉल्फिन रंगवलेले. आमच्या मंडळाची एक बोट भरली आणि आम्ही दोघी उरलो, कारण मी चहा संपवल्याशिवाय उठायला तयार नव्हते. मग बोटवाल्याने आम्हाला कोल्हापूरच्या एका कुटुंबाबरोबर दुसऱ्या बोटीत बसवलं. ते केशरी जॅकेट अंगात चढवताना शकू एवढी हसत होती की तिच्या जॅकेटचा पट्टा मलाच लावावा लागला. "सुमे, आपण अगदी गॅसचे सिलिंडर दिसतोय," म्हणाली. बोट निघाली. किनारा लांब जाईपर्यंत सगळं ठीक होतं. मग बोटवाल्याने इंजिन बंद केलं. "आता आवाज करू नका, इथेच येतात," म्हणाला. बोट थांबली आणि जागच्या जागी डुलायला लागली... आणि घाटात न लागलेलं सगळं मला तिथे लागलं. मी काठावर वाकले ती वाकलेच. शकूने एका हाताने माझ्या जॅकेटची मागची बाजू घट्ट धरली, दुसऱ्या हाताने कपाळ. आमच्या पाठीमागे कोल्हापूरची मंडळी ओरडायला लागली, "आला, आला! तो बघा! अजून एक!" बोट त्या बाजूला कलली. मी कसंबसं म्हटलं, "शके, बघ तू... जा." ती म्हणाली, "गप. तुला सोडलं तर जाशील खाली, तुझ्या पोराला काय सांगू?" तिने मान वळवायचा प्रयत्न केला असेलही, मला माहीत नाही. मला फक्त हिरवं पाणी दिसत होतं, आणि कपाळावर तिचा हात होता. मी सावरून वर बसेपर्यंत बोटवाल्याने इंजिन चालू केलं होतं.

किनाऱ्यावर आमच्या बायका वाट बघत उभ्या होत्या, तोंडं पाडून. त्यांच्या बोटीला काहीच दिसलं नव्हतं. कोल्हापूरची मंडळी मात्र नाचत उतरली. त्यांना बघून आमच्या बायका आमच्याकडे धावल्या, "दिसले? तुम्हाला दिसले?" माझा चेहरा पांढराफटक, पदर ओला. एक जण म्हणालीसुद्धा, "सुमनताईंना काय झालं?" आता मी पकडली जाणार, कालचे सगळे उपदेश परत येणार हे मला कळलं. तेवढ्यात शकू पुढे झाली. "काय होणार? इतका मोठा मासा हिच्यासमोर उडाला, पाणी सगळं हिच्या अंगावर! घाबरली बिचारी. आणि एक नाही, तीन होते!" हात पसरून तिने एवढा मोठा डॉल्फिन दाखवला की बायका दोन पावलं मागे सरल्या. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? माझी लाज झाकायला तिने तिथल्या तिथे तीन डॉल्फिन उभे केले होते.

एकदा सांगून झालं की ते आपलं राहत नाही. परतीच्या बसमध्ये शकूने ते चार वेळा सांगितलं, बुवापाड्यात आल्यावर किती वेळा ते मोजलंच नाही. साखरपुड्यात, बारशात, नळावर... "शकूमावशी, ते डॉल्फिनचं सांग ना," म्हणून पोरं मागे लागायची. दरवेळी डॉल्फिन थोडे मोठे व्हायचे, थोडे उंच उडायचे. एकदा तर एकाने बोटीवरून उडी मारली आणि पलीकडे पडला. मी शेजारी बसून "हो ना" म्हणायचे. माझं काम तेवढंच. सुमन म्हणतेय म्हणजे खरंच असणार, असं लोकांना वाटायचं. माझ्या नाकासमोर चालण्याचा उपयोग शेवटी हा झाला.

रविवारी विहारात वंदनेला आम्ही भिंतीला टेकून शेजारीशेजारी बसायचो, ती माझ्या डाव्या हाताला. पंचशील सुरू झालं की पहिली तीन शीलं शकू अगदी मनोभावे म्हणायची. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की तिचं कोपर माझ्या बरगडीत. डोळे मिटलेले, चेहरा अगदी गंभीर आणि कोपर माझ्या बरगडीत. मला हसू आवरायचं नाही, मग मी खोकल्याचं सोंग करायचे. एका रविवारी बाहेर पडताना मी म्हटलं, "शके, हे बरं नाही. आपण रोज शील म्हणतो आणि..." ती गंभीर झाली. अशी ती क्वचित व्हायची. म्हणाली, "मलापण वाटतं गं. एक काम करू. आपण दोघीच परत जाऊ. खरंखुरं बघून येऊ. मग जे जे मी सांगितलं ते सगळं खरं होईल." मी म्हटलं, "जाऊ." मनापासून म्हटलं होतं.

पण ते 'जाऊ' पुढे पुढेच जात राहिलं. एका वर्षी माझा गुडघा, एका वर्षी तिच्या अश्विनीचं बाळंतपण. मग आम्ही बुवापाडा सोडून चिखलोलीला आलो. प्रत्येक दिवाळीनंतर शकू विचारायची, "काय मॅडम, कधी?" आणि मी म्हणायचे, "थंडी पडू दे." थंडी काय, पडायची आणि जायची.

गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा, प्रशांत, आम्हा सगळ्यांना गाडीने मालवणला घेऊन गेला. त्याच्या गाडीत मागे एक सीट रिकामी होती, तिच्यावर आम्ही बॅगा ठेवल्या होत्या. शकूला विचारायचं माझ्या मनात आलं. प्रशांत नाही म्हणाला नसता, शकूने तर त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण मुलाची सुट्टी, सुनेला काय वाटेल, तिचं जेवणखाण, तिचं पथ्य... मी विचारलंच नाही. तिथे तिसऱ्या दिवशी बोटीत बसायच्या आधी प्रशांतने औषधाच्या दुकानातून एक छोटी पांढरी गोळी आणून दिली. "घे आई, म्हणजे बोट लागणार नाही." एवढीशी गोळी! आयुष्यभर गोळ्याच पॅक केल्या आम्ही, आणि दापोलीला त्या दिवशी दोघींपैकी एकीलाही हे सुचलं नव्हतं.

आणि या खेपेला मी बघितलं. उडी वगैरे काही नाही. फलकावरचं ते निळं, हसरं असलं काही नाही. आधी एक आवाज आला, फुस्स... डोक्यावरचा हंडा उतरवून बाई श्वास सोडते ना, तसा. मग पाण्यातून एक करडी पाठ वर आली, ओली, घासून उपडं घातलेल्या घमेल्यासारखी, आणि सावकाश परत आत गेली. कुणाला काही दाखवायचं नव्हतं तिला, ती आपल्या कामाने चालली होती. मग तिच्याच मागे एक छोटी पाठ. दोघी बरोबर वर यायच्या, बरोबर श्वास सोडायच्या. मी ओरडले. माझं माझंच मला नवल वाटलं, मी अशी ओरडणारी बाई नाही. आणि ओरडता ओरडता मी डावीकडे वळले, कोपर मारायला. तिथे माझी सून बसली होती, मोबाइल वर धरून.

परत आल्यावर मी काजू आणि कोकम घेऊन बुवापाड्यात गेले, सांगायचंच म्हणून. शकू दारातच बसली होती, बारीक झालेली दिसली. समोर नवीन भाडेकरू बाई, आणि शकू तिला सांगत होती, "...तर तिसरा जो आला ना, तो एकदम हिच्यासमोर!" मला बघून तिने हाक मारली, "ये गं, बरी आलीस, साक्षीदार!" ती बाई गेल्यावर शकूने अश्विनीला दूध आणायला पाठवलं. घरात दूध होतं, मी ओट्यावर पातेलं बघितलं होतं. आम्ही दोघीच उरलो. मी काजूची पिशवी पुढे केली. "गोड आहेत," म्हटलं, "प्रशांतने आणले." ती म्हणाली, "बाकी काय? मजा केलीत?" मी म्हटलं, "मजा कसली, उकडत होतं." कसं सांगणार होते? मी तुला सोडून गेले, आणि जे आपण दोघींनी बघायचं ठरवलं होतं ते मी एकटीने बघून आले, आणि तू सांगतेस तसं ते मुळीच नसतं... यातलं कोणतं वाक्य आधी बोलायचं? पुढच्या वेळी सांगू, असं ठरवून मी उठले.

पुढच्या वेळी तिच्या पोटात गाठ निघाली होती. उल्हासनगरच्या दवाखान्यात मी जायचे तेव्हा ती उशीला टेकून बसलेली असायची. शेजारच्या खाटेवर एक सिंधी म्हातारी होती, तिला शकूने आपलंसं करून टाकलं होतं. एका दुपारी मी गेले तर हिंदीत डॉल्फिन चालू होते. "अम्मा, इतना बडा! पानी से सीधा ऊपर! मैं झूठ नहीं बोलती, इसको पूछो, ये साथ में थी." अम्माने माझ्याकडे बघितलं. "सच्ची?" मी म्हटलं, "हां, सच्ची." अम्माने दोन्ही हात कानाला लावले आणि थोड्या वेळाने तिला डोळा लागला. शकूने अश्विनीला चहा आणायला खाली पिटाळलं. मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावरचं ते गोष्टीचं तेज उतरलं होतं. हळू आवाजात म्हणाली, "सुमे... खरंच कसे दिसत असतील गं ते?"

ती माझ्याकडे बघत होती. मला सगळं आठवलं, तो आवाज, ती करडी पाठ, तिच्यामागची छोटी पाठ. जिभेवर आलं होतं. आणि मी तिच्या अंगावरची चादर सारखी करत म्हटलं, "कोण जाणे बाई. आपण कुठे बघितले?" शकूने चादर स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "हो ना..." आणि नंतर, "पाणी दे जरा." मी पाणी दिलं. तिला थकवा आलाय असं मला वाटलं. थोड्या दिवसांनी घरच्यांनी तिला घरी आणलं आणि घरीच ती गेली.

शकूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर मी आणि अश्विनी मागे राहून भांडी आवरत होतो. ती घासत होती, मी पुसत होते. मध्येच ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुम्ही मालवणला गेला होतात ना, तेव्हा प्रशांतदादांनी स्टेटसला व्हिडिओ टाकला होता. बोटीतला."

तो व्हिडिओ मी बघितला आहे. त्यात डॉल्फिन नाहीतच, नुसतं पाणी आहे. आणि मी आहे, दोन्ही हात वर करून ओरडणारी.

"आईंनी माझ्या फोनवर किती वेळा लावायला लावला तो," अश्विनी म्हणाली. "हसत होत्या एकट्याच. म्हणाल्या, 'सुमनला दिसले बघ. आता येईल सांगायला.' मला कळेचना. तुम्ही तर दोघींनी आधीच बघितले होते ना? आणि मग तुम्ही यायच्या म्हटलं की मला म्हणायच्या, तू जरा बाहेर जा हं, आम्हाला बोलायचंय. सारखं आपलं दूध आण, चहा आण... काय बोलायचं होतं त्यांना?"

मी पातेलं पुसत राहिले. ते कधीच कोरडं झालं होतं.

म्हणजे तिला माहीत होतं. काजूची पिशवी घेऊन मी दारात उभी राहिले तेव्हाही माहीत होतं आणि मी उकाड्याचं बोलले तेव्हाही. ती रागावली नव्हती, तिला न नेल्याबद्दल एक शब्द नाही. तिला फक्त ऐकायचं होतं. जन्मभर तिने मला गोष्टी सांगितल्या, कोथिंबिरीपासून डॉल्फिनपर्यंत. एकदाच तिने मला एक सांगायला सांगितलं, आणि मी म्हटलं, कोण जाणे. किनाऱ्यावर ती खोटं बोलली ते माझी लाज राखायला. दवाखान्यात मी खोटं बोलले तेही माझीच लाज राखायला. या दोन्हींत तिच्या वाटणीला काय आलं, हा विचार मला झोपू देत नाही. लोक म्हणतात, तुम्ही किती केलंत तिचं, डबे नेलेत, पाय दाबलेत. मी ऐकून घेते. डबे कुणीही नेतं.

गेल्या रविवारी मी विहारात गेले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. भिंतीजवळच्या आमच्या जागेवर बसले. माझ्या डाव्या हाताला अश्विनी येऊन बसली. तिला ती जागा कुणी सांगितली नव्हती, रिकामी दिसली म्हणून बसली असेल. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं... आणि चौथं जवळ आलं तसं माझं डावं अंग आपोआप आखडलं. बरगडी वाट बघायला लागली. सगळ्यांनी चौथं शील म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. काहीच लागलं नाही बरगडीला.

मग माझंच कोपर गेलं. अश्विनीने दचकून डोळे उघडले. "काय झालं मावशी?"

"काही नाही," मी म्हटलं. "हे झालं की घरी येते तुझ्या. सांगायचंय."